सहा हजार वेळा

“टेस्टिंग झाल्याशिवाय मी ही बॅटरी विकणार नाही. आधीच सांगून ठेवतो,” उमाळे सर म्हणाले. “तुमच्याआधी तिघं येऊन गेले. मोबाइलवर आकडे पाहिले आणि म्हणाले, नवीच आहे सर, बांधून द्या. मी म्हटलं, बांधायची नाही. बंद पडेपर्यंत चालवून, पूर्ण उतरवून पाहा, मग न्या. तिघंही निघून गेले. मीच येडा असल्यासारखे पाहून राहिले होते माझ्याकडं.”

मी अजून दारातच उभी होते. परतवाड्याहून पहाटेची बस धरून वरूडला आले होते. मे महिना होता आणि सकाळीच ऊन डोळ्यांत जात होतं. जुनी वस्तू विकणारा माणूस ती तपासून घ्या म्हणून अडून बसतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

“मी टेस्टिंग करायलाच आले आहे,” मी म्हटलं आणि पिशवीतला मीटर काढून दाखवला.

त्यांनी मीटर हातात घेऊन उलटसुलट पाहिला. सत्तरीचे असावेत. उंच, किडकिडीत, अंगात घडी मोडलेला पांढरा सदरा. हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचे, एवढं फोनवर कळलं होतं.

“किती वेळ बसाल?”

“उतरेपर्यंत.”

“मग या. चपला पायात राहू द्या, फरशी तापते आमची.”

बॅटरी मला आईसाठी हवी होती. फुप्फुसं निकामी होत गेल्यामुळं तिला दिवसाचे बरेच तास ऑक्सिजनचं मशीन लागू लागलं होतं. मशीन विजेवर चालतं आणि आमच्या भागात दर मंगळवारी दुरुस्तीसाठी सकाळपासून दुपारपर्यंत वीज बंद असायची. साधा इन्व्हर्टर दीड-दोन तासांत मान टाकायचा. पुढचा वेळ मी आईच्या पाठीवर हात ठेवून बसायची आणि ती छतावरच्या थांबलेल्या पंख्याकडं पाहत श्वास ओढायची. घरात आम्ही दोघीच. मी एका दैनिकाची तालुका वार्ताहर होते. नवी लिथियम बॅटरी घेण्याची तेव्हा ऐपत नव्हती. आमच्याच पेपरच्या छोट्या जाहिरातींत एक दिवस ओळ दिसली : ‘लिथियम बॅटरी विकणे. तपासून घेणाऱ्यानेच यावे.’

ग्राहकांच्या पानासाठी मी पूर्वी या बॅटऱ्यांवर लिहिलं होतं. त्यामुळं फसवाफसवी कुठं होते ते ठाऊक होतं. गाड्यांमधले थकलेले सेल काढून, रंगवून, नवं लेबल लावून विकतात. डबा मोठा आणि आत सेल कमी, असंही करतात. मोबाइलवर दिसणारे आकडे बनवणाऱ्यानं भरलेले असतात. खरं उत्तर एकाच पद्धतीनं मिळतं. पूर्ण भरायची, ओळखीचं ओझं, म्हणजे बल्ब किंवा एखादं मशीन, लावायचं आणि ती बंद पडेपर्यंत समोर बसायचं.

आतली खोली पश्चिमेची होती. वरचा स्लॅब रात्रीही निवत नसावा, कारण सकाळीच खोलीत भट्टीसारखी धग होती. भिंतीशी लोखंडी खाट, तिच्यावर स्वच्छ अंथरलेली चादर. खाटेच्या उशाशी स्टुलावर काहीतरी चौकोनी होतं, गोधडी घातलेलं. सरांनी गोधडी काढली. ती नुसती गोधडी नव्हती. मापानं शिवलेला अभ्रा होता, वायरीसाठी भोकं ठेवलेला. आत काळ्या डब्याची बॅटरी होती आणि तिच्या पुढच्या बाजूवर संत्र्याची फांदी रंगवलेली होती. पानं हिरवीगार, तीन संत्री, एका संत्र्यावर मुंगी.

“हिला भीती वाटायची,” सर म्हणाले. “विमलला. माझी बायको. म्हणायची, उशाशी काळा डबा नको, यमाच्या रेड्यासारखा दिसतो. म्हणून रंगवला. अभ्रा तिनं शिवला, धूळ नको बसायला म्हणून.”

“म्हणजे त्यांनाही ऑक्सिजनचं मशीन लागायचं?”

“हो ना. मागच्या मे महिन्यात गेली.”

मी खाली बसून कामाला लागले. बॅटरीच्या टोकांवर घासल्याच्या खुणा नव्हत्या. लेबलावरची तारीख आणि वॉरंटी कार्डावरची तारीख जुळत होती. मोबाइलवर ॲप जोडलं. बॅटरीची तब्येत शंभर टक्के दाखवत होतं. आजवर पूर्ण भरून उतरली किती वेळा, त्या रकान्यात जेमतेम तीस. पाच वर्षांत तीस वेळा. आधीचे तिघं याच आकड्याला भाळले असणार.

“वजन करायला हवं,” मी म्हटलं. “हलकी निघाली तर आत सेल कमी आहेत असं धरायचं.”

सरांनी खिडकीतून हाक मारली. “खोडे वहिनी! संत्र्याचा काटा आहे का मोकळा?”

शेजारच्या खोडे काकू काटा घेऊन स्वतःच आल्या. पन्नाशीच्या, ठसठशीत, पदर खोचलेला. मला वरपासून खालपर्यंत पाहून त्या सरांना म्हणाल्या, “काय सर, बॅटरी तोलून विकून राहिले का? काय भाव लावला किलोचा?”

“तुम्हाला शेजारी म्हणून स्वस्त देतो.”

“मले नोको बाप्पा. माह्या घरात एक उतरलेली बॅटरी हाये, दिवसभर खाटेवर पडून राह्यते.” मग माझ्याकडं वळल्या. “चहा तरी पाजला का यांनी तुमाले? का कोरड्याच बसवलं?”

“अजून नाही,” मी हसून म्हटलं.

“मंग झालं! हा माणूस पाहुण्याले पाण्याच्या आधी चित्रं दाखवते.”

वजन बरोबर भरलं. कंपनीनं लिहिलं होतं तितकंच. म्हणजे आतले सेल पुरते होते आणि डबा उघडल्याची एकही खूण नव्हती. विकणाऱ्यानं सरांना फसवलं नव्हतं. तपासून पाहता येण्यासारखं जे जे होतं त्यात बॅटरी उत्तीर्ण झाली होती. मला आत कुठंतरी आनंद झाला. आईचे मंगळवार सुटतील असं वाटलं.

“आता ओझं लावू,” मी म्हटलं. “बल्ब आणलेत मी सोबत.”

“बल्ब नको.” सरांचा आवाज एकदम वर्गातला झाला. “मशीन लावायचं. तुम्हाला मशीनसाठीच पाहिजे ना? मग मशीनच लावा.” त्यांनी कोपऱ्यातलं मशीन चाकांवर ओढून आणलं. मग कपाटावरून प्लास्टिकमध्ये बांधलेला टेबल पंखा काढला, प्लास्टिक सोडलं, पाती फडक्यानं पुसली. “आणि हा.”

“पंखा कशाला? त्यानं हिशेबात घोळ होईल.”

“दोन्ही लावायचे. आणि सुरू करायचं नऊला. मधे बंद करायचं नाही. एवढ्या तीन अटी आहेत माझ्या. नसतील पटत तर सांगा.”

मला पटत नव्हत्या. पण मी चाचणीसाठी आले होते आणि मीटर दोन्हींचं ओझं वेगवेगळं मोजू शकत होता. मी आधी मशीन मोजलं, मग पंखा. मशीन खात होतं त्याचा सातवा हिस्सा पंखा खात होता. तसं सांगितल्यावर सर “सातवा” एवढंच म्हणाले.

बॅटरी पुन्हा त्यांच्या इन्व्हर्टरला जोडून, घरची वीज तोडून आम्ही नऊला बटण दाबलं. मशीन घरघरलं, मग त्याच्या ठेक्यात आलं : ढप्प, फुस्स, ढप्प. आमच्या घरी हाच आवाज दिवसभर असायचा. सरांनी नळीचं टोक पाण्यानं भरलेल्या काचेच्या ग्लासात सोडलं. बुडबुडे उठू लागले. ऑक्सिजन येतोय की नाही हे पाहायला आम्हीही असंच करायचो. पंखा त्यांनी खाटेच्या पायथ्याशी ठेवला, तोंड उशीकडं करून. उशीवर कुणी नव्हतं. चादरीची कड हलत राहिली.

खोडे काकू चहा घेऊन आल्या त्या दारातच थबकल्या. कपबशा हातात तशाच.

“कशाले लावलं ते सर?”

“टेस्टिंग आहे वहिनी.”

“वर्ष झालं, हा आवाज आयकला नव्हता.” त्यांनी चहा खिडकीत ठेवला. आत पाऊल टाकलं नाही. “बंद करा ना. दुसरं कायी लावा.”

“टेस्टिंग आहे,” सर पुन्हा म्हणाले.

काकू पदरानं तोंड पुसत गेल्या. मघाची थट्टा करणारी बाई ती हीच का, असा मला प्रश्न पडला.

मग आम्ही बसलो. असं बसणं कठीण असतं. समोरचा माणूस अनोळखी, करायला काही नाही, आणि दोघांची नजर एकाच ग्लासावर. सरांनी मला शाळेतल्या गोष्टी सांगितल्या. चित्रकलेच्या तासाला गणिताचे मास्तर पोरं मागून न्यायचे. “आमचा विषय म्हणजे शाळेची बॅटरी,” ते म्हणाले. “दुसऱ्यांची लाइट गेली की कामाला येणारा.” मी हसले, तेही हसले. बोलताना मशीनचा ठेका किंचितही बदलला तरी ते थांबत.

माझा फोन वाजला. आई होती.

“लाइट आहे का?” मी विचारलं.

“आहे.” तिला एका दमात दोन-तीन शब्दच जमायचे. “जेवलीस का?”

“जेवेन. शेजारची सरिता आली का तुझ्याजवळ?”

“आली. कशी आहे... बॅटरी?”

“दिसायला छान आहे. संत्री काढलीत तिच्यावर.”

“खोटं.”

“अगं खरंच.”

फोन ठेवला तेव्हा सर माझ्याकडं पाहत होते. “तुमच्याकडंही असंच का? ‘कशी आहेस’ नाही विचारत?”

“नाही. ‘लाइट आहे का’ एवढंच.”

“आम्हीही. बाहेर कुठं गेलो की मी फोन करायचो, लाइट आहे का. तिनं आहे म्हटलं की जिवात जीव यायचा.” त्यांनी ग्लासातली नळी जरा सरळ केली. “आता लाइट गेली काय आणि राहिली काय. कोणाला विचारायचं?”

मी विषय बदलला. बॅटरी घेतली तेव्हाचं विचारलं. ते उत्साहानं सांगू लागले. नागपूरला जाऊन चार दुकानं फिरले होते. दुकानदारानं सांगितलं होतं, हे मशीन सात तास चालेल. आणि आयुष्य म्हणाल तर सहा हजार वेळा भरा-उतरवा, काही होत नाही.

“सहा हजार!” सर म्हणाले. “रस्त्यानं येताना मी हाच विचार करत होतो. एकदा वापरली की एक कमी. नाही वापरली तर शिल्लक. म्हणून मी ठरवलं, हिला राखून वापरायची. मशीनशिवाय दुसरं काही लावायचं नाही. आणि सदानकदा भरलेली पाहिजे, काठोकाठ. चार्जिंगचं बटण मी कधी बंदच केलं नाही. केव्हा लाइट जाईल याचा नेम काय? एकदा दहा मिनिटं लाइट गेली तरी लगेच पुन्हा भरून घ्यायचो.”

“आणि ठेवली कायम इथंच? या खोलीत?”

“उशाशीच. वायर लांब नको.”

“अभ्रा घालून?”

“घालून. का हो?”

“सहज विचारलं,” मी म्हटलं. पण माझी नजर मोबाइलकडं गेली. साडेअकरा झाले होते आणि ॲपमधला शिल्लक चार्जचा आकडा मला हवा होता त्यापेक्षा बराच खाली आला होता.

सर अस्वस्थ होऊन उठले. खिडकीपाशी गेले, परत आले. “साडेअकरा ना?” त्यांनी विचारलं. त्यानंतर ते गोष्टी सांगेनासे झाले.

दुपारी काकूंनी पिठलं, भाकर आणि कैरीचा तक्कू पाठवला. आम्ही खाटेपासून दूर, दारापाशी बसून जेवलो. सरांनी अर्धी भाकर खाल्ली. पंख्याचा वारा आमच्यापर्यंत येत नव्हता. घाम ताटात पडत होता. मी म्हटलं, “पंखा जरा इकडं वळवू का? ओझं तेवढंच राहील.”

“नको. तिकडंच राहू द्या.”

एक वाजायला आला होता. इन्व्हर्टरनं बारीक शिटी मारली. पंख्याचा वेग उतरला नाही, मशीनचा ठेका ढळला नाही. लिथियम बॅटरी साधी बॅटरी मरते तशी हळूहळू मरत नाही. शेवटपर्यंत ताठ उभी असते आणि मग एकदम नसते. शिटी झाली, आणि लगेच सगळं थांबलं. मशीन बंद पडल्याची सूचना देणारा भोंगा तेवढा चिरकत राहिला. ग्लासात शेवटचे दोन-तीन बुडबुडे वर आले. पंख्याची पाती फिरत राहिली, मग दिसू लागली, मग थांबली.

सरांनी भोंगा बंद केला. त्यांना बटण शोधावं लागलं नाही.

“एक,” ते म्हणाले.

“चार तास,” मी म्हटलं. “सर, बॅटरी थकली आहे. मला चालणार नाही. आमच्याकडं यापेक्षा जास्त वेळ वीज जाते.”

“तुमचं ठीक आहे. दुसरी पाहा.” ते खाटेच्या कडेवर बसले. उशीपासून लांब, पायथ्याशी. “मला एक हिशेब करून द्या. तुम्ही पेपरवाल्या आहात, हिशेब नीट कराल. मागच्या वर्षी याच महिन्यात ही लावली असती, मशीन आणि पंखा, नऊला, तर किती चालली असती?”

तेव्हा मला त्या तीन अटी कळल्या.

“सर, त्या दिवशी काय झालं?”

त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, उतरवला नाही. “आमच्याकडं नऊला लाइट गेली होती. दुपारी खोडे वहिनींच्या पोरीचं लग्न. सगळी गल्ली मांडवात. मी नाही म्हटलं, तर ही म्हणाली, जा, पोरीला तुम्ही शाळेत शिकवलं आहे. दोघांचं गोड तुम्हीच खाऊन या. साडेअकराला निघालो. मशीन सुरू होतं. दारात गेलो आणि मागं पाहिलं, तर पदरानं वारा घेत होती. चार वर्षांत तिनं पंखा मागितला नाही. लाइट जायची, या खोलीत अशी आग, ती घामानं ओली. मी समोर बसून पुठ्ठ्यानं वारा घालायचो. पण बॅटरीवर पंखा लावायचो नाही. टीव्ही नाही, काही नाही. दुपारची तिची मालिका असायची. मी म्हणायचो, विमल, बॅटरी राखू. ती म्हणायची, राखा. त्या दिवशी काय वाटलं माहीत नाही. परत फिरलो आणि पंखा लावला. मनात हिशेब केला, सात तासांचे सहा होतील, तीनपर्यंत काही भीती नाही. तीनच्या आत येतोच. ती हसली. म्हणाली, आज काय, लग्न माझं आहे का?”

बाहेर कुणीतरी सायकल उभी केली. सर तो आवाज संपेपर्यंत थांबले.

“तीनला आलो. मशीन बंद. पंखा बंद. ती... डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, मशीन असतं तरी सांगता येत नव्हतं. त्यांचं ते बरोबरच आहे. पण मला एवढंच पाहिजे. मी पंखा लावला म्हणून मशीन थांबलं का? पंखा नसता लावला, तर मी येईपर्यंत मशीन चालू असतं का?”

मी कागद घेतला. घाई केली नाही. गेल्या वर्षभरात बॅटरी भरलेलीच, याच धगीत पडून होती, तेव्हा त्या दिवशी ती आजच्यापेक्षा थोडी बळकट असणार. तेवढं मी वाढवून धरलं, हात सैल सोडून धरलं. मग पंखा वजा केला. तो तर साडेअकरापासूनच होता, तरी मी नऊपासूनचा धरला, म्हणजे पंख्यावर जास्तीत जास्त दोष येईल असा. एकदा केलं, मग उलट बाजूनं करून पाहिलं.

“पंखा लावून दीडच्या आसपास,” मी म्हटलं. “पंखा अजिबात नसता तर दोन. फार तर दोनच्या थोडं पुढं. तीन नाही सर. कुठल्याही हिशेबानं तीन होत नाहीत.”

“नक्की?”

“नक्की. तुम्ही दारात पाऊल टाकायच्या कितीतरी आधी मशीन थांबलंच असतं. पंख्यानं काही फरक पडला नाही. त्यांना वारा मिळाला, एवढंच झालं.”

त्यांनी डोळे मिटले. खांदे खाली आले. मला वाटलं, इथं हे संपलं. मी मीटरची वायर गुंडाळू लागले.

“पण मग सात तास कुठं गेले?” सर म्हणाले.

मी वायर गुंडाळत राहिले.

“माल खरा आहे म्हणालात. वजन बरोबर. सेल बरोबर. पाच वर्षांत तीस वेळा वापरली. सहा हजारांतले तीस. मग गेली कशानं?”

“सर, बॅटरीचं काही सांगता येत नाही.”

“बाई, मी चौतीस वर्षं पोरांची तोंडं पाहिली आहेत. उत्तर येत नाही तेव्हा पोरगं खाली पाहतं. येतं पण सांगायचं नसतं, तेव्हाही खालीच पाहतं. पण दोन्हींत फरक असतो.”

मी वर पाहिलं. एवढा वेळ हा माणूस माझ्यासमोर बसून होता, एका उत्तरासाठी. तीन गिऱ्हाइकं त्यानं परत पाठवली होती. त्याला अर्धं उत्तर देऊन मला जाता येईना.

“न वापरल्यानं,” मी म्हटलं. “आकडा खोटा नाही. पण तो वापराचा आहे. वापर नसला तरी ही जात वयानं थकतेच. आणि काठोकाठ भरून, उकाड्यात, झाकून ठेवली की लवकर थकते. थोडी उतरवायची, थोडी भरायची, गार जागी मोकळी ठेवायची. रोज वापरली असती तरी यापेक्षा जास्त टिकली असती.”

“रोज?”

“हो.”

“पंखा लावला असता तरी?”

“हो.”

“तिची मालिका?”

मी होकारार्थी मान हलवली.

सरांनी त्या संत्र्याच्या फांदीकडं पाहिलं. मग उठले. अभ्रा उचलला, त्याची घडी घातली, कडा जुळवून, बायका घालतात तशी, आणि उशीवर ठेवला. ते रडले असते तर मला काहीतरी करता आलं असतं, पाणी देता आलं असतं. ते रडले नाहीत. “बसस्टँडपर्यंत उन्हात चालू नका,” ते म्हणाले. “खोडे वहिनींचा नवरा सोडेल स्कूटरवर. तेवढी बॅटरी उतरलेली नाही त्याची.”

दारात मी म्हटलं, “तुम्ही विकू नका ही. चार तास काही कमी नाहीत एका माणसाला. लाइट गेली की पंखा लावत जा.”

“एका माणसाला,” ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात मी पेपरच्या पतसंस्थेतून कर्ज काढून नवी बॅटरी घेतली. पुढच्या व्हरांड्यात, सावलीत, उघडी ठेवली. मंगळवारी मशीनपुरतं राखून उरलेल्यात मी पंखा लावायची, टीव्ही लावायची. आई म्हणायची, “बंद कर... उतरेल.” मी म्हणायची, उतरू दे. तिनं त्या पंख्याखाली दोन उन्हाळे काढले. तिसऱ्या उन्हाळ्याआधी गेली. मशीन मी सरकारी दवाखान्याला दिलं. घरात इतकी शांतता झाली की पहिले काही दिवस मला झोपच लागेना. वीज गेली की मी पंखाही लावायची नाही. कुणासाठी लावायचा, असं वाटायचं.

बातमी उमाळे सरांना कुठून कळली ठाऊक नाही. आमच्याच पेपरच्या निधनाच्या रकान्यात वाचली असेल. एका मंगळवारी दुपारी मी खिडकीशी बसले होते आणि फोन वाजला. त्या भेटीनंतर त्यांनी एकदाही फोन केला नव्हता. त्यांनी नाव सांगितलं नाही, आईबद्दल काही बोलले नाहीत.

“लाइट आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग पंखा?”

मी उठले. फोन कानाला तसाच धरून पंखा लावला. आईच्या खाटेकडं होतं ते त्याचं तोंड माझ्याकडं वळवलं.

“चालू आहे,” मी म्हटलं.

पलीकडूनही पात्यांचा आवाज येत होता.